हिरवळीवरची दुसरी खुर्ची

विग्डाल, मिनेसोटा
मंगळवार, दुपार

प्रिय विन्नी,

हे पत्र मी पुस्तकांच्या पिशवीच्या बंदाला स्वयंपाकघरातल्या दोरीने बांधलंय. गाठ सोडल्याशिवाय पिशवी उघडता येणार नाही, आणि लिहिलेलं काही हातात आलं की ते न वाचता खाली ठेवणं तुला आजवर जमलेलं नाही. पुस्तकांचा मात्र आता भरवसा राहिला नाही. एप्रिलपासून मी दर मंगळवारी तुझ्या दाराच्या मुठीला नवी पिशवी अडकवते आणि जुनी घेऊन जाते. पुस्तकं जशी रचून दिली तशीच परत येतात. मध्यंतरी मी मुद्दाम मधलं एक पुस्तक उलटं ठेवून पाहिलं. तेही उलटंच परत आलं. नाश्त्याच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी बाई तू. लायब्ररीत येर मला विचारते, विन्नीला या वेळची पुस्तकं आवडली का, आणि मी म्हणते, काही बोलली नाही. खोटं तर नाही ना ते.

तुझी मार्गो शनिवारी येतेय, हे मला ठाऊक आहे. घर विकायला काढायचं आणि तुला आपल्याबरोबर ॲरिझोनाला न्यायचं असं तिने ठरवलंय, आणि तू तिला म्हणालीस, तुला योग्य वाटेल ते कर. हेही ठाऊक आहे. त्याबद्दल मी शेवटी लिहीन. आधी बातम्या, कारण उन्हाळा अर्धा सरला आणि त्यातलं काहीच तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही.

लायब्ररीचा पिवळा कागद यंदाही निघाला. मे महिन्यात मुलं आपापल्या घरी गेली, वसतिगृहांना कुलपं लागली, कॉलेज एकदम म्हातारं दिसायला लागलं, आणि दरवर्षीप्रमाणे लायब्ररीने गावाला कळवलं की आता या, जागाच जागा आहे. पण कागद सहजासहजी निघाला नाही. वरच्या ऑफिसातून मसुदा आला, त्याच्या डोक्यावर लिहिलेलं ‘ग्रीष्मकालीन उपक्रम व सामुदायिक संसाधने’. येरने मला तो वाचायला दिला. मी म्हटलं, हे वाचून मला वाटतंय की मला कुठेतरी अर्ज भरायचाय. ती हसली आणि तिने तुझा जुना मथळा घातला. ‘उन्हाळ्यात इथे काय काय आहे.’ ऑफिसवाल्यांना तो कागद फक्त संगणकाच्या पडद्यावरच हवा होता. मी म्हटलं, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांकडे तो पडदा नाही आणि उरलेल्या निम्म्यांना तो नातवंडं आल्याशिवाय चालू करता येत नाही. म्हणून छापलाही. रंग थोडा फिका आलाय. तुझा पिवळा हा नव्हे, पण लांबून ओळखू येतो.

मुलांच्या जेवणाच्या ओळीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ अडकलो. मसुद्यात होतं, ‘गरजू कुटुंबांतील मुलांसाठी मोफत भोजन’. तू असतीस तर पेन्सिल उचललीच असतीस. गरजू हा शब्द वाचून गरजू माणूस दारातून परत जातो, हे मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. मी येरला तुझी जुनी ओळ सांगायला तोंड उघडलं तर तिने ती आधीच म्हणून दाखवली. ‘अठरा वर्षांच्या आतलं कोणीही. साडेअकरा ते एक. नाव विचारत नाही.’ मला वाटलं, तिने जुन्या फायलीत पाहिली असेल. मग ती म्हणाली, “आम्ही पाच भावंडं इथेच जेवायचो, आर्डिस. आईला वाचता यायचं नाही. मी तिला तो कागद वाचून दाखवला, आमच्या भाषेत. ‘नाव विचारत नाही’ ऐकलं आणि ती उठून चपला घालायला लागली.”

विन्नी, येर इतकी वर्षं तुझ्या हाताखाली होती. तू निवृत्त झालीस तेव्हा किल्ल्या तू तिच्याच हातात दिल्यास. हे तिने तुला कधी सांगितलं होतं का? मला वाटतं नाही. आपल्या गावात राहून तीही आपल्यासारखीच झाली, महत्त्वाचं काही असलं की हवामानावर बोलायचं.

तर कागदावरची ओळ तुझीच राहिली. मागच्या मोठ्या खोलीतली थंड हवाही आहे, ‘घरात उकडत असेल तर या, वाचायलाच हवं असं नाही.’ सोमवारची कॉफी आहे, ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्यासाठी. तिथेही तुझंच वाक्य, ‘बोलायलाच हवं असं नाही.’ आता वाचताना लक्षात येतं, तुझ्या निम्म्या ओळी अशाच संपायच्या, काय करायला हवं असं नाही हे सांगून. भाज्यांचं टेबल पायऱ्यांपाशी लागलंय. ज्याच्या बागेत जास्त आलं त्याने ठेवायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं. टोमॅटो यायला अजून अवकाश आहे, त्यामुळे सध्या टेबलावर सगळ्यांच्या बागेत उतू चाललेल्या झुकिनीचं राज्य आहे. मागच्या गुरुवारी मी दोन ठेवल्या आणि आतून पुस्तक घेऊन येईपर्यंत कोणीतरी माझ्या सायकलच्या टोपलीत चार टाकल्या होत्या. मला संशय ल्युथरन चर्चच्या पाद्रीबाईंवर आहे. त्या माझ्याकडे बघून फार गोड हसल्या.

वस्तूंचं कपाटही उघडलंय. तंबू, दुर्बिणी, मुरांबा भरायचं मोठं पातेलं, घरगुती आइस्क्रीमचं भांडं. त्यात ऑर्विलच्या मासे धरायच्या काठ्या आहेत हे तुला ठाऊक आहे, तूच त्या माझ्याकडून मागून नेल्यास. तेव्हा मला तुझा राग आला होता. माझा नवरा जाऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं आणि ही बाई गॅरेजमध्ये उभी राहून म्हणते की काठ्या भिंतीला टेकवून ठेवल्या तर वाकतात. परवा तळ्यावर गेले होते. धक्क्यावर एक कुटुंब बसलेलं, आई-बाप आणि एक लहान मुलगी. मुलीच्या हातातल्या काठीच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. ऑर्विलचा हात घामाने सटकायचा म्हणून त्याने तो गुंडाळला होता, तुला आठवत असेल. मुलीने एक तळहाताएवढा मासा काढला आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली. मी त्यांना काही सांगितलं नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले, आणि त्या दिवशी जेवण मला चांगलं गेलं.

तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही की मी लायब्ररीत पहिल्यांदा का आले. तुला वाटत असेल पुस्तकासाठी. कॉलेजच्या मुदपाकखान्यात मी तेव्हा सहा वर्षं बटाटे सोलत होते आणि त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. ती मुलांची, प्राध्यापकांची. माझं शिक्षण नववीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस गायींच्या मागे. उन्हाळ्यात मुदपाकखाना बंद व्हायचा. ऑर्विल बाहेर हिरवळ कापायचा आणि मी घरी. तो कागद ऑर्विलने आणला, गवताच्या डागांनी भरलेला, आणि म्हणाला, यात लिहिलंय की गावातलं कोणीही. मी म्हटलं, कोणीही म्हणजे आपण नव्हे. तो म्हणाला, मग कोण? त्या दिवशी इतकं उकडत होतं की मी वाद घालत बसले नाही.

मी आले ती थंड हवा खायला. खुर्चीच्या कडेला बसले, पर्स मांडीवर धरून, कोणी उठ म्हणायची वाट बघत. तू आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस की या कोपऱ्यात पंख्याचा वारा थेट येतो, थंडी वाजली तर तिकडे बस. मग जाताना टेबलावर एक पुस्तक ठेवून गेलीस. माझ्यासाठी ठेवलंय असं म्हणाली नाहीस. विसरल्यासारखं ठेवलंस. मी ते उघडलं, कारण रिकामी बसलेली दिसायला लाज वाटत होती. शब्द अडायचे, एकेका पानाला इतका वेळ लागायचा की पंखा बंद व्हायची वेळ यायची. ऑगस्टमध्ये ते संपलं तेव्हा मी ते तुझ्या हातात दिलं आणि तू विचारलं नाहीस की आवडलं का. तू विचारलंस, “त्या बहिणीचं चुकलं असं वाटतं तुला?” माझं मत कोणी विचारलेलं मला तोवर आठवत नव्हतं, म्हणजे बटाट्यात मीठ किती यापलीकडे. मी घरी गेले आणि ऑर्विलला रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर त्या बहिणीची सगळी हकीकत सांगितली. त्यानंतर तो मला रोज विचारायचा, काय झालं पुढे. त्याने स्वतः कधी एक पुस्तक वाचलं नाही आणि त्याला सगळी ठाऊक होती.

लांबण लागली. ही पण तुझीच सवय मला लागलेली.

तुझ्या स्वयंपाकघरात अजून ती भांडी असतील. मार्चमध्ये लेलंड गेला तेव्हा लोकांनी भरून आणलेली, तळाला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. परवा चर्चमध्ये ओपल म्हणत होती की तिचं निळं झाकणाचं भांडं कुठे राहिलं कळत नाही. तिला चांगलं कळतंय कुठे राहिलंय. तिला ते मागायचं नाही. कोणीच मागणार नाही, सगळं गाव भट्टीतलं हॉटडिश कागदाच्या डब्यात करील पण तुझ्या दारात भांडं मागायला येणार नाही. आणि तू ती परत देणार नाहीस, कारण आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, आणि त्यात भरायला काही करावं एवढी तुझी इच्छा नाही. मला हे कसं ठाऊक? माझ्याकडेही होती ना. तू एके दिवशी गाडी घेऊन आलीस, सगळी भांडी मागच्या सीटवर घातलीस आणि प्रत्येकात तुझ्या अंगणातली मूठभर पुदिन्याची पानं टाकलीस. म्हणालीस, झालं, रिकामं नाही. माझ्या दारातही पुदिना भरपूर आलाय.

आता बुधवारबद्दल.

बँड जूनच्या पहिल्या बुधवारी सुरू झाला, नेहमीप्रमाणे लायब्ररीच्या हिरवळीवर. लोकांनी नेहमीप्रमाणे सकाळीच खुर्च्या मांडल्या, दव सुकायच्या आत, आणि कामाला निघून गेले. दिवसभर त्या रिकाम्या खुर्च्या स्टेजकडे तोंड करून बसलेल्या. मागच्या बुधवारी येरचा एक पाहुणा आला होता शिकागोहून, तो विचारत होता, कोणी चोरत नाही? येर म्हणाली, चोरायचं सोडा, कोणी हलवतसुद्धा नाही. प्रत्येक घराची जागा ठरलेली. दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या बिछान्यात शिरण्यासारखं.

आमची जागा मेपलच्या डाव्या बाजूला. ऑर्विलनेच निवडलेली, कारण मंगळवारी हिरवळ तोच कापायचा आणि त्याला ठाऊक होतं कुठे जमीन सपाट आहे. तो फेब्रुवारीत गेला, आणि त्या उन्हाळ्यातल्या बँडच्या पहिल्या बुधवारी मी सकाळी उठले, गॅरेजमधून खुर्च्या काढल्या, नेऊन मांडल्या, आणि दुपारी घरी भांडी घासताना लक्षात आलं की मी दोन मांडल्या. हात साबणात तसेच राहिले. परत जाऊन एक उचलून आणावी, तर भर दुपारी सगळ्या गावाच्या खिडक्यांसमोरून ती काखेत मारून आणणार कशी? संध्याकाळी गेले आणि बसले. बाजूला ती दुसरी.

कोणी बसलं नाही तिच्यावर. त्या बुधवारी नाही, पुढच्या बुधवारीही नाही. कारण एकदा दोन मांडल्यावर मला एक मांडता येईना. माणसं यायची, माझ्या खांद्यावर हात ठेवायची, लिंबाच्या वड्या द्यायची, हवा किती छान आहे म्हणायची, आणि त्या खुर्चीला वळसा घालून पुढे जायची, जसा चर्चमधल्या वेदीला घालावा. मुलंसुद्धा. त्यांना आयांनी बजावलं असणार. मला ठाऊक आहे ते सगळे मान देत होते. पण विन्नी, त्या मानाने माझ्याभोवती एवढी मोठी मोकळी जागा झाली की मला वाटलं, मीच मेले आहे आणि हे लोक मला सांगायला लाजतायत.

तू तेव्हा पुढच्या रांगेत एकटीच बसायचीस, लेलंड वर स्टेजवर खालचा सूर धरणारा तो भलामोठा पितळी टुबा मांडीत घेऊन बसलेला असायचा म्हणून. जुलैमधला कुठला तरी बुधवार. बँड वाजायला लागला होता. तू तुझ्या जागेवरून उठलीस, सगळ्यांच्या देखत मागे चालत आलीस आणि माझ्यासमोर उभी राहिलीस. म्हणालीस, “आर्डिस, ही रिकामी आहे, की तिला काही अर्थ आहे?”

मी म्हटलं, “चुकून आणली.”

“मग मी चुकून बसते,” तू म्हणालीस, आणि बसलीस.

आणि लेलंडने वरून बघितलं की त्याची बायको आपल्या जागेवर नाही, आणि त्या गडबडीत त्याचा सूर एवढा उशिरा आला की बँडमास्तर हॉलिसने छडी हवेत थांबवून त्याच्याकडे बघितलं. सगळं गाव हसलं. मीही. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. तू संपूर्ण कार्यक्रमभर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. फक्त एकदा डास मारलास, माझ्या दंडावरचा, जरा जोरातच. त्यानंतर दर बुधवारी तू तिथेच बसायला लागलीस आणि ऑर्विलची खुर्ची तुझी झाली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

यंदा हॉलिसने स्टेजवर लेलंडची खुर्ची मांडून ठेवलीय. टुबा नाही, वाजवणारा नाही, नुसती खुर्ची. खाली माझ्या शेजारी एक, वर एक. लोक दोन्हींना वळसा घालतात. आणि बँड कसा वाजतो म्हणशील तर, वाईट नाही, पण घराला जमीन नसल्यासारखा. पहिल्यांदा त्यांनी कवायतीची जलद धून वाजवली तेव्हा सगळ्यांचे पाय त्या खालच्या सुराची वाट बघत होते आणि तो आला नाही, आणि आख्ख्या हिरवळीला एकदम ते कळलं. ओपलने लिंबाच्या वड्यांचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

हॉलिसने मला गाठलं होतं. त्याच्या दुकानात मी खिळे घ्यायला गेले तर मला पडद्याच्या दांड्यांमागे घेऊन गेला, जसा काही तिथे चोरीचा माल दाखवणार आहे. त्याला विचारायचं होतं की तुझ्या दिवाणखान्यातला टुबा बँडला मिळेल का. जूनपासून पोस्टातली इर्मा म्हणतेय की ती कॉलेजात असताना वाजवायची. पण विन्नीला कसं विचारायचं, तू विचारशील का? मी म्हटलं, तुझी जीभ शाबूत आहे, तूच विचार. तेव्हापासून तो दोनदा तुझ्या फाटकापर्यंत जाऊन परत आलाय. मागच्या आठवड्यात फाटकाशी मक्याची कणसं सापडली ना, ती त्याची. टुबा मागायला आला होता आणि कणसं ठेवून पळाला. तेव्हा मीही काही मागत नाही. फक्त सांगतेय की टुबा दाराआड उभा आहे म्हणून त्याचा आवाज बंद झाला असं समजू नकोस. भिंतीला टेकवलेल्या काठ्या वाकतात, असं कोणीतरी मला सांगितलं होतं.

एक गोष्ट मी लिहू की नको असं करत होते. बुधवारी कार्यक्रम संपल्यावर मी दोन्ही खुर्च्या काखेत घेऊन तुझ्या घरावरून परत जाते. तुझ्याकडे एसी नाही, लेलंडला त्याची घरघर सोसायची नाही. इतर दिवशी तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते, पडदा हलत असतो. बुधवारी ती बंद असते. एवढ्या उकाड्यात, चारी बाजूंनी बंद. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग असेल. हिरवळ तुझ्या घरापासून दोन गल्ल्या. वारा तिकडूनच येतो. तुला तिथे सगळं ऐकू येतं, आणि काय ऐकू येत नाही तेही.

मी खिडकीकडे बघते आणि पुढे जाते. दार वाजवत नाही. एप्रिलपासून मीसुद्धा मुठीला पिशवी अडकवून गुपचूप परत येतेय, कारण तुला त्रास नको. म्हणजे त्या खुर्चीला वळसाच घालतेय, इतरांसारखा. मी, जिला हे चांगलं ठाऊक असायला हवं.

आता शेवटचं, ज्यासाठी लिहायला बसले. मार्गोने मला रविवारी फोन केला. बिचारी रडत होती. म्हणाली, “आर्डिस, आई तुमचं ऐकते. तिला सांगा की माझ्याकडे यायला हवं. तिथे तिचं आता कोण आहे?” मी म्हटलं, लिहीन. शब्द दिलाय म्हणून लिहिते: मार्गो भली पोर आहे, तिने तुझ्यासाठी खोली रंगवलीय, खिडकीपाशी पुस्तकांची फळी ठोकून घेतलीय, आणि तिला तू हवी आहेस. झालं, तिचं सांगून झालं. आता माझं. मला तू इथे हवी आहेस. पण ते मी धरून बसणार नाही. मी फक्त एवढंच म्हणते की ‘तुला योग्य वाटेल ते कर’ हे उत्तर नव्हे. ते मीसुद्धा मला आपल्याकडे न्यायला निघालेल्या माझ्या भावाला म्हणाले होते, त्या उन्हाळ्यात, तू मागे माझ्यापर्यंत चालत येण्याच्या आदल्या आठवड्यात. शनिवारी मार्गोला काय सांगायचं ते बंद खिडकीआड बसून ठरवू नकोस. उद्या हिरवळीवर बसून ठरव. तो नसलेला सूर तू एकटी ऐकतेयस. आम्ही सगळे दोन गल्ल्यांवर बसून तोच ऐकतोय. तिथे बसूनही जावंसं वाटलं तर मी स्वतः खोकी घेऊन येईन आणि तुझी पुस्तकं भरीन, कारण तुला भरू दिली तर तू प्रत्येक उघडून बसशील. साडेसहाला मी तुझं दार वाजवेन. पिशवी नाही, कणसं नाही, नुसती मी. बोलायलाच हवं असं नाही. आणि दार नाहीच उघडावंसं वाटलं, तर खिडकी तेवढी उघडी ठेव, म्हणजे जाताना मला कळेल. खुर्च्या मी सकाळीच मांडून येईन. दोन. या वेळी चुकून नाही.

मेपलच्या डाव्या बाजूला बसलेली,
तुझीच
आर्डिस